एका वृद्ध विमानाचा निरोप

परदेशच्या प्रवासाचीं वर्णनें आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. तेथील राजवाडे, सरोवरें, पदार्थसंग्रहालयें आणि थंडी यांविषयीं नवें असें सांगण्याजोगें आमच्यापाशीं कांहीं नाहीं. परंतु २०१५ सालच्या उन्हाळ्यांत इंग्लंडमध्यें आम्हीं एक वृद्ध विमान पाहिलें, आणि त्याच्या निमित्तानें जें मनांत आलें तें अद्याप मनांतून गेलेलें नाहीं. तेवढेंच आज वाचकांपुढें मांडावें असा मानस आहे.

आमची कन्या व जांवई यॉर्कशायर परगण्यांत राहतात. त्यांच्या आग्रहावरून त्या वर्षीं जूनच्या अखेरीस आम्ही उभयतां आणि आमचे वडील बंधु अण्णा असे तिघे जण दोन महिन्यांकरितां तिकडे गेलों. अण्णांचें वय त्या वेळीं अठ्याहत्तर. उभा जन्म त्यांनीं परळच्या रेल्वेच्या कारखान्यांत एंजिनांच्या दुरुस्तींत घालविला. पुण्यास आमच्या घरीं आजोबांच्या वेळचें एक लंबकाचें घड्याळ आहे. त्याला किल्ली देणें, तेल घालणें, उन्हाळ्या-पावसाळ्यांत लंबक वर-खालीं करणें हें सारें अण्णाच करीत. दुसऱ्या कोणाला त्यांतलें अक्षर ठाऊक नव्हतें. निघण्याच्या दिवशीं त्यांनीं लंबक हातानें धरून घड्याळ थांबविलें आणि घरांतल्या मंडळींना बजावलें, "मी परत येईपर्यंत ह्याला कोणी हात लावूं नका." घरांत कर्तीं माणसें चार, पण कोणीं प्रतिवाद केला नाहीं. अण्णांचें घड्याळ अण्णांवांचून बंद राहणार, यांत कोणाला वावगेंहि वाटलें नाहीं.

इंग्लंडांत पहिले आठ दिवस बरे गेले. पुढें बागा आणि देवळें पाहून अण्णा कंटाळले. तेव्हां जांवईबापू एके दिवशीं म्हणाले, "अण्णा, येथून जवळच डॉनकॅस्टरच्या विमानतळावर व्हल्कन जातीचें एक जुनें बाँबर विमान आहे. पंचावन्न वर्षांचें झालें तरी अजून उडतें. मात्र उडण्याचें त्याचें हें शेवटचें वर्ष आहे. पाहावयाचें का आपल्याला?" अण्णांनीं उत्तर दिलें नाहीं, उठून कोट चढविला.

डॉनकॅस्टरच्या भोंवतालचा मुलूख सपाट आहे. रस्त्याच्या दोहों बाजूंस गव्हाचीं शेतें, मधूनच विटांचीं लहान लहान घरें, आणि मग एकाएकीं लांबच लांब धांवपट्टी. पूर्वीं हें फिनिंग्ली नांवाचें लष्करी ठाणें होतें. आम्ही गेलों तेव्हां त्याचा प्रवासी विमानतळ झालेला असून त्याला रॉबिन हूड ह्या लोककथेंतल्या दरोडेखोराचें नांव दिलेलें होतें. तिकिटांचे दर पाहतां नांव अगदींच अयोग्य नव्हतें! विमानतळाच्या एका कडेला जुन्या लष्करी अमदानींतील प्रचंड हँगर आहे, आणि त्यांत व्हल्कन उभें होतें.

प्रथमदर्शनीं तें विमानासारखें वाटतच नाहीं. मुलें वहीच्या पानाचा जो बाण करून उडवितात, तसा एक अवाढव्य त्रिकोण तीन पायांवर उभा केलेला. या टोंकापासून त्या टोंकापर्यंत पंखांची लांबी एकशें अकरा फूट. शेपटीला आडवे पंख नाहींत. पाठीवर हिरवा आणि करडा रंग. पोटाखालून आम्ही चालत गेलों तेव्हां एखाद्या मोठ्या सभामंडपाच्या छताखालून जात आहों असें वाटलें. चारी एंजिनें पंखांच्या मुळांत दडविलेलीं असल्यामुळें बाहेरून कांहींच दिसत नाहीं. पुढें हवा घेण्याच्या दोन रुंद भेगा आणि मागें चार काळीं तोंडें एवढेंच.

व्हल्कन हें रोमन लोकांच्या अग्नीच्या आणि लोहारकामाच्या देवाचें नांव. आपल्याकडील अग्नि आणि विश्वकर्मा एकत्र केले तर जें दैवत होईल तें. विमानाची मूळ कल्पना ॲव्रो कंपनीच्या रॉय चॅडविक या अभियंत्याची. दुसऱ्या महायुद्धांतलें प्रसिद्ध लँकॅस्टर विमान त्याचेंच. परंतु व्हल्कन उडालेलें पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. १९४७ सालीं दुसऱ्या एका विमानाच्या चांचणींत तो मरण पावला, आणि पहिलें व्हल्कन आकाशांत गेलें तें ३० ऑगस्ट १९५२ रोजीं. अशीं एकंदर १३६ विमानें झालीं. आमच्यापुढें उभें होतें तें एक्स. एच. ५५८ या क्रमांकाचें. व्हल्कनच्या दुसऱ्या, अधिक समर्थ आवृत्तीचें हवाई दलाच्या स्वाधीन झालेलें हें पहिलें विमान. तारीख १ जुलै १९६०.

आम्हांला सर्व दाखविण्यास एक वृद्ध गृहस्थ आले. तरुणपणीं ते हवाई दलांत याच जातीच्या विमानांवर कारागीर होते. आतां आठवड्यांतून दोन दिवस विनामूल्य येऊन काम करीत. विमानाचा उल्लेख ते सदैव "ती" असा करीत. अण्णा आमच्या कानाशीं लागून म्हणाले, "आमच्या कारखान्यांतहि तसेंच." तेवढ्यावरून दोघांची मैत्री जमली.

त्यांनीं सांगितलेली हकीगत थोडक्यांत अशी. हवाई दलानें शेवटचीं व्हल्कन विमानें १९८४ सालीं सेवेंतून काढलीं. हें एक मात्र लोकांना कसरती दाखविण्याकरितां ठेवलें. पुढें तोहि खर्च परवडेना. १९९३ सालीं लेस्टरशायरमधील ब्रंटिंगथॉर्पच्या एका खाजगी कुटुंबानें तें विकत घेतलें आणि जमिनीवरच, पण चालू स्थितींत, सांभाळलें. तें पुन्हां आकाशांत न्यावयाचें असा ध्यास डॉ. रॉबर्ट प्लेमिंग या गृहस्थांनीं घेतला व एक विश्वस्त संस्था उभी केली. लॉटरीच्या उत्पन्नांतून ऐतिहासिक वारशाकरितां मदत देणाऱ्या निधीनें सुमारें सत्तावीस लक्ष पौंड मंजूर केले. २००५ सालीं विमान उकलून तपासणी सुरू झाली. २००६ च्या उन्हाळ्यांत पैसे संपले. कामगारांना नोटिसा गेल्या. आणि अगदीं शेवटच्या घटकेस सर जॅक हेवर्ड यांनीं पांच लक्ष पौंड दिले म्हणून काम वांचलें. अखेर १८ ऑक्टोबर २००७ रोजीं, चौदा वर्षांनंतर, विमानाचीं चाकें जमिनीवरून उचललीं गेलीं. त्यापुढें दर वर्षास सुमारें वीस लक्ष पौंड खर्च येई, आणि त्यांतील बराचसा भाग सामान्य माणसांनीं पाठविलेल्या लहान लहान देणग्यांतून उभा राही.

एंजिनांची गोष्ट तर विशेष ऐकण्याजोगी आहे. विमानाबरोबर ऑलिंपस जातीचीं आठ एंजिनें १९८२ पासून बंद करून ठेवलेलीं, न वापरलेलीं, अशीं मिळालीं होतीं. याच घराण्यांतलें एंजिन पुढें काँकॉर्डला बसविलें गेलें. विमानाला एका वेळीं चार लागतात. म्हणजे अवघे दोन जोड. नवीं कोणी बनवीत नाहीं. म्हणून प्रत्येक एंजिन किती वेळां पूर्ण जोरानें चालविलें याची नोंद कृपणाच्या जमाखर्चासारखी ठेवीत. आणि २०१२ च्या मे महिन्यांत काय झालें? धांवपट्टीवर वेग घेत असतां दोन एंजिनें एकदम निकामी झालीं. नव्या चपलांच्या खोक्यांत दमटपणा शोषणाऱ्या पांढऱ्या खड्यांच्या पुड्या असतात ना, तसल्याच सिलिका जेलच्या पिशव्या हवेच्या मार्गांत ठेवल्या होत्या. त्या काढावयाच्या राहून गेल्या. एका एंजिनानें त्या ओढून घेतल्या, आणि त्याचे उडालेले तुकडे शेजारच्या एंजिनानें गिळले. कोणाला इजा झाली नाहीं. परंतु तीस वर्षें जपलेलें धन कांहीं क्षणांत गेलें. हें सांगतांना त्या गृहस्थांनीं टोपी काढून हातांत घेतली होती.

अण्णांनीं इतका वेळ एक अक्षरहि विचारलें नव्हतें. आतां ते म्हणाले, "उडण्यापूर्वीं कागदावर सही कोणाची असते?"

म्हातारा कारागीर त्यांच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "येथें रोज शंभर माणसें येतात. वेग किती, उंची किती, बाँब किती, हेंच विचारतात. खरा प्रश्न आज आपण विचारलात."

मग त्यानें उलगडून सांगितलें तें असें. इंग्लंडांत अशा जटिल लष्करी विमानाला उडण्याचा परवाना केवळ मालकाच्या हौसेवर मिळत नाहीं. ज्यांच्यापाशीं मूळ आराखडे आहेत, कोणता भाग किती तास टिकतो याचें ज्ञान आहे, अशा तज्ज्ञ कंपन्यांनीं पाठीशीं उभें राहून जबाबदारी घ्यावी लागते. या विमानाच्या बाबतींत बी. ए. ई. सिस्टिम्स, मार्शल एरोस्पेस व रोल्स-रॉइस या तीन संस्था तसें करीत आल्या होत्या. २०१५ चा हंगाम संपला कीं आम्ही ही जबाबदारी यापुढें घेऊं शकत नाहीं, असें त्यांनीं कळविलें. कारणें दोन. पहिलें हें कीं, व्हल्कन आंतून-बाहेरून जाणणारे लोक एकामागून एक निवृत्त होत चालले. कागद शिल्लक होते, परंतु कागद वाचून "येथें भीति नाहीं" असें छातीठोकपणें म्हणणारा उरत नव्हता. दुसरें कारण अधिक चमत्कारिक. हें विमान इतर कोणत्याहि व्हल्कनपेक्षां दहा टक्क्यांहून अधिक तास उडालें होतें. त्याच्या आधीं म्हातारें झालेलें दुसरें भावंड असतें तर त्याला प्रथम कोठें तडा गेला हें पाहून याची काळजी घेतां आली असती. आतां पुढें कोठें पाहावें हें सांगण्यास कोणीच नव्हतें. घरांतल्या सर्वांत वडील माणसाला आपल्या वयाचे दुखणेंबाणें कोणाला विचारावें हें कळत नाहीं, तसाच हा प्रकार.

"म्हणजे आज तिच्यांत दोष कांहीं नाहीं?" अण्णांनीं विचारलें.

"नाहीं. म्हणूनच आज थांबावयाचें," तो म्हणाला.

इतका वेळ आमच्या सौभाग्यवती बाजूस उभ्या होत्या. परतण्याच्या वेळीं त्यांनीं आमच्याकरवीं एक प्रश्न विचारविला: हजारों माणसें क्षणांत भाजून काढण्यासाठींच जें निर्माण केलें, त्याच्यावर इतकी माया कशी करवते?

प्रश्न कठोर होता, पण अन्याय्य नव्हता. व्हल्कन झालें तें अण्वस्त्रें वाहण्याकरितां. रशियाकडून हल्ला आल्यास केवळ चार मिनिटांची सूचना मिळेल अशा हिशेबानें चालक विमानापाशीं सज्ज राहत. पांच माणसांपैकीं पुढच्या दोघां वैमानिकांना संकटकाळीं बाहेर फेकणारीं आसनें होतीं. मागच्या तिघांना तीं दिलेलीं नव्हतीं. १९६९ मध्यें हें काम पाणबुड्यांकडे गेलें. व्हल्कननें युद्ध पाहिलें तें एकदांच, १९८२ सालीं फॉकलंड बेटांत, तेंहि साध्या बाँबांनिशीं. अणुबाँब त्यानें कधींहि टाकला नाहीं.

वृद्ध गृहस्थानें आमच्या सौभाग्यवतींना मान लववून उत्तर दिलें, "बाईसाहेब, मीं बावीस वर्षांचा असतांना तिची निगा इतकी राखीत होतों कीं, तिला हुकूम आला तर एक क्षणहि उशीर होऊं नये. आणि रोज रात्रीं प्रार्थना करीत होतों कीं, तो हुकूम येऊं नये. तो आला नाहीं. ती म्हातारी झाली आणि मीहि झालों. मला तिच्याविषयीं जें वाटतें तें एवढेंच." मोटारींत बसल्यावर सौभाग्यवती पुष्कळ वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "माझा प्रश्न राहिलाच. पण त्याचें म्हणणें खोटें नव्हतें."

त्यानंतर जुलैच्या मध्यास ग्लॉस्टरशायरमधील फेअरफर्ड येथें रॉयल इंटरनॅशनल एअर टॅटू नांवाचें मोठें विमानप्रदर्शन भरलें, तेथें आम्हीं तेंच विमान आकाशांत पाहिलें. आपल्याकडील जत्रेचीच ही विलायती आवृत्ति. गवतावर चटया, टोपल्यांतून खाणें, आजोबांच्या खांद्यावर नातवंडें. प्रथम रेड ॲरोज या पथकाचीं नऊ तांबडीं हॉक विमानें आणि त्यांच्यासमवेत तें मोठें काळसर त्रिकोण, अशीं एकत्र येऊन गेलीं. हॉक आपल्याहि हवाई दलांत शिक्षणाकरितां असल्यामुळें अण्णांना तें ओळखीचें. पोरांच्या मेळ्यांतून एखादे भारदस्त आजोबा चालावेत तशी ती शोभा होती.

मग व्हल्कन एकटें आलें. दूर असतां आवाज नाहीं. जवळ येऊन वळलें तेव्हां पंखांची सारी रुंदी दिसली, आणि उन्हाची तिरीप क्षणभर झांकली गेली. वैमानिकानें नाक वर केलें व एंजिनांना जोर दिला. त्या सरशीं जो आवाज झाला त्याला उपमा सुचत नाहीं. विशिष्ट जोरावर एंजिनें चालूं लागलीं कीं हवा आंत घेणाऱ्या मार्गांतच एक दीर्घ आक्रोश उठतो. तेथील लोक त्याला व्हल्कनचें ओरडणें म्हणतात. छातीच्या फांसळ्या थरथरल्या. दूर उभ्या असलेल्या मोटारींचे भोंगे आपोआप वाजूं लागले. आमच्या शेजारीं एक पोक्त बाई होत्या. त्यांच्या गालांवरून अश्रु वाहत होते, आणि त्यांचा लहान नातू कानांवर हात ठेवून मोठमोठ्यानें हंसत होता.

अण्णांनीं विमान दिसेनासें होईपर्यंत मान खालीं केली नाहीं. मग म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे."

आम्ही परतीच्या तयारींत असतांना एक दारुण गोष्ट घडली. २२ ऑगस्ट रोजीं दक्षिण किनाऱ्यावरील शोरहॅमच्या प्रदर्शनांत हॉकर हंटर जातीचें एक जुनें जेट विमान उभी गिरकी घेत असतां रस्त्यावर कोसळलें. रस्त्यानें जाणारीं आणि कडेला उभीं असलेलीं अकरा माणसें मेलीं. गिरकीच्या माथ्यावर विमान पुरेशा उंचीवर नव्हतें असें पुढें चौकशींत निष्पन्न झालें. हंटर हें नांव आपल्याला परकें नाहीं. १९७१ सालीं लोंगेवालाच्या रणांत आपल्या हंटरांनींच शत्रूचे रणगाडे फोडले होते. या अपघातानंतर इंग्लंडांत जुन्या जेट विमानांना जमिनीवरील प्रदर्शनांत कसरती करण्यास मनाई झाली. व्हल्कनचा निर्णय त्याच्या आधींच ठरलेला होता. परंतु ती बातमी वाचल्यावर, दोष दिसण्यापूर्वीं थांबण्याचा अर्थ आम्हांला अधिक स्पष्ट कळला. जुन्या वस्तूवरील प्रेमाची किंमत दुसऱ्या कोणीं देतां कामा नये.

सप्टेंबर लागतां आम्ही पुण्यास पोंचलों. अण्णांनीं पाय धुतले आणि प्रथम घड्याळ चालू केलें. २८ ऑक्टोबर रोजीं व्हल्कननें डॉनकॅस्टर येथें शेवटचें, थोड्या वेळाचें उड्डाण केलें. सारथ्य मार्टिन विदर्स यांनीं केलें. १९८२ सालीं फॉकलंडवरच्या पहिल्या स्वारीचे नायक तेच होते. जांवईबापूंनीं धाडलेलें चलच्चित्र घरच्या मंडळींनीं भ्रमणध्वनीवर पाहिलें. चाकें टेकलीं, विमान सावकाश वळलें, आणि एंजिनें एकामागून एक शांत झालीं. मुलांनीं पुन्हां पुन्हां पाहिलें. अण्णा एकदांच पाहून उठून गेले.

त्यापुढच्या रविवारीं त्यांनीं आपल्या चौदा वर्षांच्या नातवाला हांक मारली आणि एक कोरी वही आणावयास सांगितली. घड्याळ भिंतीवरून उतरविलें. सारी सकाळ आजा-नातू त्याच्यापुढें मांडी घालून बसले होते. कोणतें चाक झिजलें आहे, कोठें तेल थेंबभरच घालावयाचें, पावसाळ्यांत लंबक किती सरकवावयाचा, हें सर्व मुलानें लिहून घेतलें. जेथें लिहून कळण्यासारखें नव्हतें तेथें अण्णांनीं त्याचें बोट धरून दाखविलें. असे किती तरी रविवार गेले. वहीच्या मागच्या भागांत रकाने आखले होते: तारीख, किल्ली, किती मिनिटें मागें-पुढें, आणि सही. पहिल्या दिवशीं अण्णांनीं वही नातवापुढें सरकविली आणि म्हणाले, "सही तूं कर. आतां जबाबदार तूं." त्यानंतर त्यांनीं स्वतः घड्याळाला हात लावला नाहीं. तें त्यांना किती जड गेलें हें आम्ही पाहत होतों. मुलगा किल्ली देतांना ते मुद्दाम ओसरीवर जाऊन बसत.

डॉ. प्लेमिंग २०२१ सालीं निवर्तले. डॉनकॅस्टरच्या त्या विमानतळावरील प्रवासी वाहतूकहि २०२२ मध्यें बंद पडली. व्हल्कन पुन्हां उडालें नाहीं, आणि उडणारहि नाहीं. त्याच्या उड्डाणाची आठवण ज्यांनीं तें पाहिलें त्यांच्यापाशीं आहे. आमच्यापाशीं ती एका घड्याळाच्या रूपानें आहे.

अण्णांना जाऊन आतां पांच वर्षें होतील. नातू नोकरीनिमित्त बंगळूरला असतो; जातांना वही त्यानें आपल्या धाकट्या बहिणीच्या हातीं दिली. घड्याळ आठवड्याला दोन मिनिटें मागें पडतें. अण्णांच्या हातीं तें पडत नसे, हें ती प्रामाणिकपणें रकान्यांत लिहिते आणि पुढें आपली सही करते.